धुरावर लावायचं घड्याळ

ती पेटी अजून माझ्याकडं आहे. कपाटाच्या वर, चॉकलेटी रेक्झिनच्या कव्हरात. पेटीपेक्षा त्या कव्हराची मला जास्त लाज वाटते. का ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वडील कोल्हापुरात एका फौंड्रीत मोल्डर होते. आयुष्य काळ्या वाळूचे साचे करण्यात गेलं. सही करता येत होती, तीही मी सातवीत असताना त्यांना शिकवलेली. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि ज्या कॉलेजात शिकलो तिथंच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. नोकरी लागली त्या दिवसापासून मी ‘न्हाय’ म्हणायचं सोडलं. घरातसुद्धा ‘नाही’ म्हणायचो. आई म्हणायची, “रेडिओ बोलाय लागला बघा आमचा.” मला ते कौतुक वाटायचं.

पेटी मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केली. दोन सिग्नलांमधला वेळ मोजायची पेटी. तिचं काम समजायला सोपं आहे. धनगर मेंढवाड्याच्या दारात बसून मेंढरं मोजतोय असं समजा. दार उघडलं की मेंढरं एकामागं एक बाहेर पडतात, दार मिटलं की थांबतात. आता ही मेंढरं अगदी एका चालीनं, सेकंदाला बरोबर हजार अशी चालत असतील, तर किती बाहेर पडली यावरून दार किती वेळ उघडं होतं ते कळतं. माझ्या पेटीत मेंढरांच्या जागी क्वार्ट्झच्या क्रिस्टलचे ठोके होते. पहिला सिग्नल उसळला की दार उघडायचं, दुसरा उसळला की मिटायचं. सिग्नल जिथं उभा चढतो त्याला आम्ही कड म्हणायचो. या कडेपासून त्या कडेपर्यंत किती ठोके पडले ते लाल आकड्यांत समोर यायचं. मधे माणूस नाही, डोळा नाही, अंगठा नाही. या ‘नाही’चाच मला फार अभिमान होता.

क्रिस्टल मी लष्करी भंगारातल्या एका वायरलेस सेटमधून काढला होता. आयसी मुंबईहून पोस्टानं मागवल्या. उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर मिळेना, तेव्हा काचेच्या जुन्या ट्रान्झिस्टरवरचा काळा रंग ब्लेडनं खरवडला. आत उजेड जाऊ नये म्हणूनच तो रंग दिलेला असतो; खरवडला की ट्रान्झिस्टर उजेडाला दाद द्यायला लागतो. पेटीचा पत्रा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात वाकवून घेतला. आकडे उन्हात दिसत नसत म्हणून वर पुठ्ठ्याचं टोपडं बसवलं, आणि त्यात बघायला माणसं जत्रेतल्या बायोस्कोपसारखी डोकं खुपसायची.

कॉलेजच्या स्पोर्ट्सला ही पेटी लावायची, ही कल्पना माझीच. प्रिन्सिपॉलना ती एकदम पसंत पडली. ज्यांना ती पसंत पडायला हवी होती, त्या ड्रिलमास्तरांना मात्र मी विचारलंच नाही.

मास्तर पन्नाशी ओलांडलेले. खाकी हाफ पँट, पांढरे बूट, आणि गळ्यात काळ्या नाडीला स्टॉपवॉच. ते घड्याळ कॉलेजचं होतं, पण कॉलेजात कुणाला तसं वाटत नसे. मी विद्यार्थी असताना सकाळच्या ग्राउंडला दांडी मारायचो तेव्हा कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणायचे, “काय लेका, पुस्तकानं छाती भरती व्हय?” पण हजेरी मांडायचे. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, “काय सर, बरं हाय न्हवं?” तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं की मास्तर, मला लेकाच म्हणा. नाही म्हणालो. मला ‘सर’ बरं वाटलं होतं.

त्या वर्षी मास्तरांची एक पोरगी होती. म्हणजे त्यांनी शोधलेली. नेसरी गावाकडची, एस.वाय.ला. स्टँडवर सुटलेल्या एस.टी.मागं दप्तर बगलेत मारून पळाली आणि गाडीची दांडी धरली, ते मास्तरांनी पाहिलं होतं. पुढच्या स्टॉपवर सायकलनं जाऊन त्यांनी तिला गाठलं म्हणे. दोन वर्षं तिला तयार करत होते. तिला ड्रिलबाई व्हायचं होतं. त्या कोर्सला प्रवेश मिळायचा तर विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा दाखला लागे. तिच्यासारख्या खेड्यातल्या, ओळखपाळख नसलेल्या पोरीला दुसरी वाट नव्हती. आणि संघात शंभर मीटरला आमच्या कॉलेजची एकच मुलगी जाणार होती. आमच्या स्पोर्ट्समध्ये जी पहिली येईल ती.

मुली अकरा होत्या आणि ट्रॅक सहाच. म्हणून दोन हीट आणि मग फायनल, असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी मी ग्राउंडवर पेटी मांडली. शेवटच्या रेषेवर टेबल, ट्रकची बॅटरी, एका बाजूला मोटारीच्या दिव्याचा झोत आणि दुसऱ्या बाजूला नळीत बसवलेला माझा खरवडलेला ट्रान्झिस्टर. मुलीनं झोत तोडला की पेटीचं दार मिटणार. उघडायला सुरुवातीच्या रेषेवर एक माइक, पिस्तुलापासून हातभर अंतरावर. तिथून मंडपवाल्याकडून आणलेली शंभर मीटरहून लांब वायर ट्रॅकच्या कडेनं पेटीपर्यंत. वडील फौंड्रीतली चार माणसं घेऊन दोरीच्या पलीकडं उभे होते. शनिवारची अर्धी पाळी टाकून आले होते. लाउडस्पीकरवर प्रिन्सिपॉल म्हणाले, “आपल्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यानं बनवलेलं यंत्र!” वडिलांनी शेजारच्या माणसाच्या पाठीत एक धपाटा घातला. ते मी पाहिलं.

पहिल्या हीटला नेसरीची पोरगी होती. अनवाणी पळाली. बाकीच्या मुली दोन पावलं मागं. पेटीनं दाखवलं तेरा सेकंद, सहाशे चोवीस. मास्तरांच्या घड्याळात तेरा चार. मास्तर टेबलापाशी आले, टोपड्यात डोकं घातलं, आणि म्हणाले, “माझ्यापेक्षा दोन दशांश जास्त दावती की. असू दे. माणसाचा अंगठा म्हटल्यावर एवढं व्हायचंच.” त्यांना राग नव्हता. खरं तर त्यांना पेटी आवडली होती.

मग पाण्याचा टँकर आला. ट्रॅकवर धूळ फार उडत होती म्हणून पाणी मारायला. टँकरच्या मागच्या चाकात माझी वायर गुंडाळली गेली आणि ड्रायव्हरला कळायच्या आत तो ती तीसेक पावलं ओढत गेला. तीन ठिकाणी तुटली. दोन ठिकाणी तर मधला तुकडाच सापडेना.

“आता?” प्रिन्सिपॉल म्हणाले.

मी म्हणालो, “पाच मिनिटं द्या.”

माइक काढून मी पेटीजवळ टेबलावर आणला. अँप्लिफायरचा जोर वाढवला. पिस्तूल मोठ्यानं वाजतं. शंभर मीटरवरून काय ऐकू येणार नाही? वायर हवीच कशाला? पेटी तीच, माइक तोच, फक्त मधली वायर गेली. मला तेव्हा स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की आजही ती पाच मिनिटं आठवली की कानशिलं तापतात.

अडचण एवढीच की जोर वाढवल्यामुळं पेटी कशानंही सुरू व्हायची. प्रिन्सिपॉलनी लाउडस्पीकरवर सगळ्या ग्राउंडला शांत बसायला सांगितलं. आणि सगळं ग्राउंड खरोखर गप्प झालं, माझ्यासाठी. पिस्तूलवाल्यानं हात वर केला तेवढ्यात कुणीतरी सणसणीत शिंकलं. आकडे भराभर पळायला लागले.

“कोण शिंकलं रं त्ये? शिंकेची बी रेस लावलीया काय?”

“पावणं हायती, जाऊ द्या. त्यांचा नंबर काढा पयला!”

सगळे हसले, मी पेटी शून्यावर आणली, पुन्हा शांतता झाली, आणि पिस्तूल वाजलं.

दुसऱ्या हीटला पहिली आलेली मुलगी शहरातली. चांगली पळाली, तिचा यात काडीचा दोष नाही. पेटीनं दाखवलं तेरा सेकंद, चारशे एकसष्ट. म्हणजे नेसरीच्या पोरीपेक्षा एकशे त्रेसष्ट मेंढरं कमी.

टाळ्या पडल्या. मास्तर मात्र आपल्या घड्याळाकडं बघत उभे. मग टेबलाशी आले.

“सर, जरा थांबा की. कायतरी घोळ हाय.”

“कसला घोळ?”

“हे बघा. पयल्या हीटला माझं तेरा चार, पेटीचं तेरा सहाशे चोवीस. पेटी जास्त. आता माझं तेरा सहा, पेटीचं तेरा चारशे एकसष्ट. पेटी कमी. एकदा जास्त, एकदा कमी, असं कसं हुईल? माझा अंगठा तोच हाय की.”

“मास्तर, अंगठा तोच असला तरी माणसाचा आहे. एकदा लवकर दाबतो, एकदा उशिरा.”

“तीस वर्सं दाबतोय.”

“म्हणूनच म्हणतो.”

आजूबाजूचे हसले. मास्तरही थोडे हसले. मग म्हणाले, “आन दुसरं. घड्याळ धुरावर लावायचं असतंय, आवाजावर न्हाय. पिस्तुलाचा धूर दिसला की दाबायचं. तुमी आवाजावर लावलंय.”

“धुरावर का लावायचं? कारण सांगा.”

“का ते मला न्हाय सांगता यायचं. आमास्नी तसंच शिकिवलंय. नियम हाय.”

“तो नियम माणसाच्या कानासाठी आहे. यंत्राला कान नसतात.”

हे मी माइकवर हात ठेवून म्हणालो. माइकवर.

दोरीपलीकडनं कुणीतरी ओरडलं, “मास्तर, सोडा की आता! पेटीला चाळिशी लागत न्हाय!” यावेळी फार मोठं हसू झालं. वडीलही हसत होते. मास्तर हसले नाहीत. प्रिन्सिपॉलकडं वळून म्हणाले, “मग फायनल हाय ती पळवा की. दोघींस्नी एका रेषेत हुभं करा. दोरी जिच्या छातीला आधी लागंल ती पयली. त्यात पेटी बी नको आन अंगठा बी नको.”

ऊन चढलं होतं. पाहुण्यांना जायचं होतं, कबड्डी व्हायची होती. प्रिन्सिपॉलनी माझ्याकडं बघितलं. ते मला विचारत होते. साऱ्या ग्राउंडदेखत, वडिलांदेखत, मला.

मी म्हणालो, “सर, हाताच्या घड्याळाचा भरवसा नसतो म्हणून फायनल घ्यावी लागते. इथं सेकंदाचा हजारावा भाग मोजलाय. गरज नाही.”

फायनल झाली नाही. शहरातल्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. नेसरीची पोरगी दोरीजवळ चप्पल शोधत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वडिलांनी जेवताना विचारलं, “मास्तर कशापायी वाद घालत हुता?”

“त्यांचं घड्याळ पेटीशी जुळेना. वय झालंय त्यांचं. हात चालत नाही.”

वडिलांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, “हातानं काम करनाऱ्याचा हात असा एका दिसात बिघडत न्हाय. बिघडला तर त्येला सवताला आधी कळतंय. त्येला कळलं हुतं का?”

मी म्हणालो, “तुम्हाला नाही समजायचं ते.” हे वाक्य मी घरात वरचेवर वापरायचो.

सोमवारी एफ.वाय.चं प्रॅक्टिकल होतं. हवेतल्या आवाजाचा वेग काढायचा. उभ्या काचेच्या नळीत पाणी, तोंडाशी ट्यूनिंग फोर्क, पाणी खालीवर करत जायचं. एका ठिकाणी आवाज घुमतो, तिथली उंची मोजायची. किती बॅचना हे करून दाखवलं होतं याची गणती नाही. मी फळ्यावर उत्तर कसं मांडायचं ते लिहीत होतो. वेग, एका सेकंदाला सुमारे तीनशे पंचेचाळीस मीटर.

लिहिलं, आणि खडू फळ्यावरच राहिला.

तीनशे पंचेचाळीस मीटरला एक सेकंद. मग शंभर मीटरला?

हे गणित शाळेतलं पोरगं करील. आवाजाला सुरुवातीच्या रेषेपासून माझ्या टेबलापर्यंत यायला सेकंदाचे दोनशे नव्वद हजारांश लागतात. पहिल्या हीटला माइक पिस्तुलाशी होता, वायरीतून सिग्नल तात्काळ आला. दुसऱ्या हीटला माइक माझ्यापाशी होता. मुली पळायला लागल्या, दोनशे नव्वद मेंढरं निसटली, आणि मग माझं दार उघडलं. धूर लगेच दिसतो, आवाज चालत येतो. मास्तरांचा नियम एवढाच होता. त्यांना कारण माहीत नव्हतं. मला कारण माहीत होतं, ते शिकवण्याचा मला पगार मिळत होता, आणि मी त्यांना भर ग्राउंडवर कारण विचारलं होतं.

खडूनं मी तिथंच फळ्याच्या कोपऱ्यात बेरीज केली. चारशे एकसष्टमध्ये दोनशे नव्वद. तेरा सेकंद, सातशे एक्कावन्न. नेसरीची पोरगी एकशे सत्तावीस हजारांशानं पुढं होती. मास्तरांच्या अंगठ्यानंही तेच सांगितलं होतं. पेटीचीसुद्धा चूक नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंतचा वेळ तिनं दोन्ही वेळा चोख मोजला होता. चुकीची कड मी तिच्या हातात दिली होती.

मी बेरीज पुसली.

यादी बुधवारी विद्यापीठाला जायची होती. म्हणजे माझ्याकडं दोन दिवस होते. हे मी स्वतःपासून लपवत नाही: वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं. फार तर फायनल पळवायची होती, तेरा-चौदा सेकंदांचं काम.

मंगळवारी दुपारी मी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये गेलो. वाक्य जुळवून नेलं होतं. आत कुणी पाहुणे बसले होते, साखर कारखान्यातले कुणी अधिकारी असावेत. प्रिन्सिपॉल मला बघून उठून उभे राहिले. आपल्या डेमॉन्स्ट्रेटरसाठी प्रिन्सिपॉल कधी उठत नाहीत. “हाच तो,” ते पाहुण्यांना म्हणाले. “मोल्डरचा मुलगा आहे. बघा, कुठून कुठं.” पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. “काही काम होतं का?” प्रिन्सिपॉलनी विचारलं.

मी म्हणालो, “सर, पेटीत धूळ जाते. एखादं कव्हर शिवून मिळालं असतं तर.”

“अरे, अवश्य! रेक्झिनचं शिवून घे चांगलं.”

ते हे कव्हर.

बुधवारी यादी गेली. गुरुवारी मास्तर लॅबमध्ये आले. प्रॅक्टिकल संपलं होतं, मी एकटाच होतो. त्यांनी घड्याळ गळ्यातून काढून हातात घेतलं होतं.

“सर, एक इचारायचं हुतं. राग नका मानू.”

“बोला की मास्तर.”

“डोळं तपासून आलो मी. डॉक्टर म्हणाला, डोळं चांगलं हायती. मग म्हटलं, तुमी शिकल्याली मानसं, तुमास्नी इचारावं. खरं सांगा, माझा अंगठा चुकला का?”

खिडकीतून ग्राउंड दिसत होतं. शनिवारच्या चुन्याच्या रेषा अजून पुसल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडं बघून बोललो असं मला वाटतं, पण खात्री नाही.

“होय मास्तर. वय झालं की थोडं होतं तसं.”

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा. “मग बराबर हाय,” म्हणाले. “मग धरायचं न्हाय आता. पोरांचं नुकसान हुतंय.” नाडी घड्याळाभोवती नीट गुंडाळली आणि खाली स्टोअरमध्ये जाऊन जमा केली, सही करून. पुढं निवृत्त होईपर्यंत प्रत्येक स्पोर्ट्सला ते शेवटच्या रेषेवर दोरी धरून उभे राहायचे. घड्याळ दुसरं कुणी धरायचं. मला भेटले की ‘सर’ म्हणायचे. ‘लेका’ पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

वर्ष संपताना ती पोरगी मला जिन्यात भेटली. हातात कागद होते. शहरातली मुलगी विद्यापीठाच्या संघातून धावून आली होती, बिचारी हीटमध्येच मागं पडली होती. हिनं मला थांबवून विचारलं, “सर, माझं किती कमी पडलं हुतं?”

“पॉइंट वन सिक्स थ्री,” मी म्हणालो. इंग्रजीत सांगितलं म्हणजे कमी लागेल, असं काहीतरी डोक्यात असावं.

“एक, सहा, तीन,” ती म्हणाली. पाठ करत असल्यासारखी. आणि खाली गेली.

पुढं मी कॉलेज सोडलं. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप टाकलं, इंजिनांचे फेरे मोजायचे काउंटर बनवायला लागलो. बरं चाललं. काउंटर बसवायला गेलो की मी गिऱ्हाइकाला विचारायचो, सिग्नल कुठून घेणार? किती लांबून? एका मालकानं वैतागून म्हटलंही, “अवो, आकडा आला म्हंजे झालं की! किती चौकशा करतासा!” मी टेप काढून अंतर मोजत राहिलो.

बारा-तेरा वर्षांनी नेसरीच्या बाजूच्या एका शाळेनं स्पोर्ट्सला पाहुणा म्हणून बोलावलं. वर्कशॉपातल्या एका कामगाराचं गाव होतं, त्याच्या आग्रहानं गेलो. हार घातला, नारळ दिला, खुर्चीत बसवलं. आणि शेवटच्या रेषेवर ती उभी होती. नऊवारीत नव्हे, साध्या पाचवारी पातळात, कमरेला पदर खोचून, हातात घड्याळ. डी.एड. करून प्राथमिकला शिक्षिका झाली होती, असं शेजारच्या खुर्चीवरून कळलं. ड्रिलबाई नव्हती, पण स्पोर्ट्स आले की शाळा तिच्या ताब्यात.

शाळेकडं पिस्तूल नव्हतं. दोन फळ्या बिजागरीनं जोडलेल्या, एकमेकींवर आपटायच्या. पण आपटायच्या आधी मधे मूठभर चुना टाकायचे, म्हणजे आवाजाबरोबर पांढरा भपकारा उडे. घड्याळ धरणाऱ्या दुसऱ्या शिक्षकांना ती ओरडून सांगत होती, “चुना बघायचा गुरुजी! आवाजाकडं ध्यान द्यायचं न्हाय!”

मी खुर्चीतून उठलो. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि तिच्याकडं गेलो. तिनं लगेच ओळखलं.

“या सर. आमच्या गावात कसं काय?”

मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, पोरांच्या गोंगाटात. वायर, टँकर, माइक, आवाजाचा वेग, दोनशे नव्वद. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. ती ऐकत होती. मधेच एकदा एका पोरीला “रेषेच्या मागं हो गं” म्हणाली.

“म्हंजे मी पुढं हुते,” ती शेवटी म्हणाली.

“व्हय. एकशे सत्तावीस हजारांश.”

“मला एक, सहा, तीन पाठ हाय.” मग म्हणाली, “तुमास्नी कवा कळलं सर?”

मला वाटलं होतं ती हा प्रश्न विचारणार नाही. “सोमवारी,” मी म्हणालो. “स्पोर्ट्सनंतरच्या.”

“आन यादी?”

“बुधवारी गेली.”

तिनं घड्याळाचं बटण उगाच एकदा दाबलं, पुन्हा दाबून काटा शून्यावर आणला.

“मास्तरांस्नी सांगितलासा?”

“न्हाय.”

“माझं ऱ्हाऊ द्या. माझं काय, मी नोकरीला हाय, पोरं पळवतीया. पण मास्तर आमच्या घरला आलते. त्याच उन्हाळ्यात, एस.टी.नं. आईच्या पाया पडाय लागले. माझा अंगठा दगा द्याय लागलाय, मीच तुमच्या पोरीला खोटी आशा लावली म्हणाले. आईला काय कळंना, ती नुसती भाकरी घेऊन हुभी.” ती माझ्याकडं बघत नव्हती, ट्रॅककडं बघत होती. “गेल्या साली गेले मास्तर. तुमास्नी कळलं असंल.”

कळलं होतं. मी जाऊन आलोही होतो, हार घेऊन.

मी म्हणालो, “चुकलं माझं.” इतक्या वर्षांनी ते वाक्य तोंडातून आलं आणि ज्यांनी ते ऐकायला हवं होतं ते मास्तर नव्हते. ती माफ केलं म्हणाली नाही, आणि नाही केलं असंही म्हणाली नाही. सुरुवातीच्या रेषेवर पोरी वाकल्या होत्या, फळ्या धरणारे गुरुजी हात वर करून तिच्या इशाऱ्याची वाट बघत होते. तिनं हात उचलला, मग थांबली.

“सर,” ती म्हणाली, “जरा बाजूला व्हा. मला चुना दिसंना झालाय.”

मी बाजूला झालो.